विरी पडली, पळा!

श्रीवर्धनच्या वाडीत दुपारी डुलकी काढणाऱ्या माणसाला दचकवायचं काम दोघांकडे असतं. एक नारळ, दुसरी विरी. नारळ ‘धप्’ करून पडतो आणि गप्प बसतो. विरीचा मात्र थाट वेगळा. ती वाटेतल्या झावळ्यांना धडकत, खरखरत, सगळ्या वाडीला वर्दी देत खाली येते आणि ‘फाट्’ करून आडवी होते. मग कोणीतरी पोर ओरडतं, ‘माझी! मी आधी बघितली!’

एवढं भांडण कशासाठी, ते सांगते. पण आधी ज्यांनी विरी पाहिलेली नाही त्यांची ओळख करून देऊ.

पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. रायगड जिल्ह्यातलं श्रीवर्धन या झाडासाठी फार प्रसिद्ध. इथली रोठा सुपारी आकाराने मोठी आणि मानाची, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही याच गावात आहे. (सुपारी चघळण्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही हां. तिने तोंडाचा कर्करोग होतो. आपलं काम तिच्या झाडाशी.) पोफळ चार-पाच मजली घराएवढी उंच, पण खोड इतकं सडपातळ की दोन हातांच्या ओंजळीत जवळजवळ मावावं. अगदी शेंड्याला पानांचा झुबका. प्रत्येक पानाचा देठ खाली रुंद होत जातो आणि खोडाला गच्च गुंडाळून बसतो. तो गुंडाळलेला रुंद, जाड, चिवट भाग म्हणजे विरी. पान म्हातारं झालं की विरीसकट सुटतं आणि खाली येतं. त्या विरीच्या आड दडलेला फुलोरा तेव्हा कुठे मोकळा होतो. विरी पडल्याशिवाय सुपारी धरत नाही, असं म्हणायला हरकत नाही.

विरी जिथून सुटते तिथे खोडावर एक गोल वण राहतो, बांगडी घातल्यासारखा. एक पान, एक वळ. मोठी पोफळ वर्षाला साधारण सहा-सात पानं गाळते. आता हिशोब तुम्हीच करा. एखाद्या खोडावर १२० वळ दिसले, तर त्या झाडाने पानं गाळण्यात किती वर्षं घालवली? वीसच्या आसपास. त्यात रोप लहान असतानाची, खोड दिसूच न लागलेली पहिली काही वर्षं मिळवा. उत्तर अंदाजाचंच येईल, कारण सगळ्या वर्षी पानं सारखी गळत नाहीत. मग वाडीच्या मालकांना विचारा, ‘काका, ही पोफळ कधी लावलीत?’ आणि आपला अंदाज कितीने चुकला ते बघा. सागाचं वय मोजायला खोड कापून आतली वलयं बघावी लागतात. पोफळीच्या खोडात आत तशी वलयं नसतातच. तिची जन्मपत्रिका बाहेर, सगळ्यांना वाचता येईल अशी असते.

आता त्या भांडणाकडे वळू. पडलेल्या विरीची पहिली नेमणूक गाडी म्हणून होते. एकाने विरीच्या खोलगट भागात मांडी ठोकायची, कडा दोन्ही हातांनी धरायच्या आणि दुसऱ्याने झावळीचा शेंडा पकडून धावत सुटायचं. चाकं नाहीत, इंजिन नाही, किंमत शून्य. १७१३ साली पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ भट याच श्रीवर्धनचे. लहानपणी तेही विरीवरून वाडीभर फिरले असतील का? असल्या महत्त्वाच्या गोष्टी इतिहासाची पुस्तकं लिहीत नाहीत, ही मोठीच गैरसोय आहे.

पण गाडी पळते कशी? विरीतले तंतू सगळे एकाच दिशेने, लांबीच्या बाजूने जातात. शिवाय तिची जमिनीला टेकणारी बाजू गुळगुळीत असते. ओढायचं तेही लांबीच्या दिशेनेच. त्यामुळे जमीन तिला फारसं अडवत नाही. या अडवण्याला घर्षण म्हणतात, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. ते मोजायचं यंत्र मात्र घरी करता येतं. एक पुठ्ठ्याची पट्टी घ्या. तिच्या वरच्या टोकाला रबरबँड टाचणीने किंवा पिनेने पक्कं अडकवा. रबरबँडच्या दुसऱ्या टोकाला पेपरक्लिप वाकवून केलेला आकडा लावा. पुठ्ठ्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. झाला तुमचा ताणमापक. विरी नसेल तर बुटांचा रिकामा खोका चालेल. त्यात दोन पुस्तकं ठेवा, आकडा खोक्याला अडकवा आणि पट्टी धरून हळूहळू ओढा.

पहिली गंमत लगेच दिसेल. खोका हलेपर्यंत रबर ताणत ताणत जातं, आणि एकदा का तो हलला की रबर थोडं आखडतं. हलवायला जास्त जोर लागतो, चालू ठेवायला कमी. दुसरी गंमत: पुस्तकं वाढवली की ताण वाढतो. हे अपेक्षितच होतं. तिसऱ्या गमतीसाठी मात्र आधी घरात पैज लावा. एक जाड पुस्तक दोऱ्याने नीट बांधा आणि गुळगुळीत फरशीवर आडवं ठेवून ओढा. मग तेच पुस्तक कडेवर उभं करून ओढा. आता ते जमिनीला कितीतरी कमी जागेत टेकतंय. ताण कमी होईल? बहुतेक लोक ‘हो’ म्हणतात. मोजून बघा, जवळपास तेवढाच येतो! फ्रान्सच्या गिलोम आमोंताँ यांनी १६९९ साली ही गोष्ट विद्वानांसमोर मांडली तेव्हा त्यांनाही ती पटेना. वजन तेवढंच असेल तर घर्षण साधारण तेवढंच राहतं, जागा कमी असो की जास्त.

मग विरी रुंद असण्याचा फायदा काय? तो कळतो श्रीवर्धनच्या वाळूत. मऊ वाळूत अरुंद वस्तू रुतते आणि पुढची वाळू ढकलत बसते. रुंद विरी वाळूवर तरंगल्यासारखी राहते, रुतत नाही. फरशी आणि वाळू यांचे नियम वेगळे.

दोन दिवसांत गाडी जुनी होते. उन्हाने विरी कडक होते, कडा आत वळतात आणि तिची सुरळी व्हायला लागते. ‘आता टाकून देऊ?’ असं विचारलंत तर आजी म्हणेल, ‘अगो, टाकतेस काय? हौदात टाक!’ वाळलेली विरी रात्रभर पाण्यात ठेवली की सकाळी ती पुन्हा मऊ होते, हवी तशी वाकते. मग तिच्यातून पंखा कापा, केरभरणी करा, नाहीतर द्रोण.

द्रोण करून बघाच. भिजलेल्या विरीचा एक गोल तुकडा मोठ्यांकडून कापून घ्या. तो एका वाटीत बसवा, वरून दुसरी तेवढीच वाटी दाबा, दोरीने करकचून बांधा आणि उन्हात ठेवा. पूर्ण वाळल्यावर सोडा. विरीने वाटीचा आकार धरलेला असेल. बाजारात सुपारीच्या ज्या ताटल्या-वाट्या मिळतात त्याही अशाच होतात, फक्त तिथे भिजवलेली विरी तापलेल्या लोखंडी साच्यात दाबतात. त्यात डिंक नाही की प्लॅस्टिक नाही. वनस्पतींच्या तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. पाणी आणि उष्णता मिळाली की तो नरम पडतो, तंतू सरकतात. थंड होऊन वाळला की पुन्हा घट्ट होतो आणि तंतू नव्या जागी अडकतात. शर्टाला इस्त्री करताना आई पाणी का शिंपडते? कापसात लिग्निन जवळजवळ नसतं, पण युक्ती तीच: ओलावा आणि ऊब देऊन धागे सैल करायचे, हव्या त्या जागी दाबायचे आणि तसेच वाळू द्यायचे.

तुमच्या द्रोणाच्या काठाला चुण्या पडल्या असतील. हात धुऊन मागे लागलात तरी त्या जाणार नाहीत! सपाट तुकड्याची खोलगट वाटी करायची तर काठाकडचा भाग जास्तीचा होतो, त्याला जायला जागाच नसते. १८२७ साली जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी हे चक्क गणिताने सिद्ध केलं: न ताणता, न फाडता, चुण्या न पाडता सपाट कागद चेंडूवर बसवता येत नाही. उलटंही येत नाही. म्हणून पृथ्वीचा सपाट नकाशा कुठेतरी खोटं बोलतोच. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. आपल्याकडे पानांचे द्रोण लावणाऱ्या बायकांनी गाउसची वाट बघितली नाही. जास्तीचा भाग त्या कोपऱ्यात दुमडतात आणि हिराच्या तुकड्याने टाचून टाकतात. हीर म्हणजे नारळाच्या पात्याची मधली काडी, जिचा खराटा करतात तीच.

इथे थोडं थांबून एक तक्रार नोंदवते. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या प्रदर्शनात हटकून एक वस्तू असते: कोल्ड्रिंकची बाटली अर्धी कापून, सोनेरी रंग फासून, टिकल्या चिकटवून केलेली फुलदाणी. ती आठवडाभर टीव्हीवर बसते, मग धूळ खाते, मग कचऱ्यात जाते. आता तिच्यावर रंग, डिंक आणि टिकल्याही असल्यामुळे भंगारवालाही तिला हात लावत नाही. मला विचाराल तर हा कचऱ्याला घातलेला झगा आहे. वाडीतली माणसं वेगळं करतात. हातातली वस्तू वाकते की ताठ राहते, पाणी धरते की सोडते, तरंगते की बुडते, हे आधी बघतात आणि मग तिला तेच काम देतात जे तिला जमतं.

पोफळीच्या खोडाचंच बघा ना. सुपारी काढणारा माणूस एका पोफळीवर चढतो आणि काम झालं की खाली न उतरता झाडाला झोका देऊन शेजारच्या पोफळीवर जातो. बघताना आपल्याच पोटात गोळा येतो. एवढं वाकूनही खोड मोडत नाही, कारण त्याचे कडक तंतू बाहेरच्या बाजूला दाटीने असतात आणि आतला भाग भुसभुशीत असतो. वस्तू वाकवली की सगळा ताण तिच्या बाहेरच्या कडांवर येतो, मधल्या भागाला फारसं काम नसतं. वर्तमानपत्राचा एक कागद उभा करून बघा, लगेच मान टाकेल. त्याचीच घट्ट नळी करून दोऱ्याने बांधा. अशा चार नळ्या उभ्या करून त्यांवर पाटी ठेवा आणि पाटीवर एकेक पुस्तक चढवत जा. किती पुस्तकांचा भार कागद झेलतो, ते बघून तुम्हीच चकित व्हाल. कोकणातल्या माणसांनी या खोडाचं गणित कधीच ओळखलं होतं. खोड उभं चिरायचं, आतला भुसा कोरून काढायचा, की पन्हळ तयार. विहिरीचं पाणी त्यातून वाडीच्या दुसऱ्या टोकाला जातं. उरलेल्या पट्ट्या मांडवाला आणि कुंपणाला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता. वाकण्यात पटाईत असलेल्या पोफळींनाही तो झेपला नाही. श्रीवर्धनच्या वाड्या एका दुपारीत उघड्या पडल्या, हजारो झाडं मोडली, घरांचे पत्रे आणि कौलं उडाली. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. लोकांनी पडलेल्या खोडांचं जमेल तितकं वापरलं आणि रोपं लावायला घेतली.

आता नारळाची पाळी. नारळाचं पाणी प्यायलो, खोबरं खवलं, उरली करवंटी. तिचा डाव होतो, दिव्याचा आडोसा होतो, गुळाचा पाक मोजायचं माप होतं. पण मी तुम्हाला तिच्यातून घड्याळ करायला सांगणार आहे. खरंखुरं, वेळ सांगणारं.

नारळाला तीन डोळे असतात. त्यातले दोन टणक आणि एक मऊ. कोंब त्या मऊ डोळ्यातूनच बाहेर येतो. डोळ्यांकडची अर्धी करवंटी घ्या. आतलं खोबरं पूर्ण काढा. बाहेरच्या शेंड्या पॉलिश पेपरने घासून टाका, कारण त्यांच्यात हवा अडकते आणि करवंटी उगाच तरंगत राहते. मऊ डोळा खिळ्याने मोकळा करा, मग त्यात मेणबत्तीचं मेण ओतून तो बंद करा. मेण घट्ट झालं की सुईने त्यात एक बारीक आरपार भोक पाडा. बादलीत पाणी भरा आणि करवंटी अलगद पाण्यावर सोडा.

भोकातून पाणी आत यायला लागेल. करवंटी हळूहळू खाली बसत जाईल आणि एका क्षणी काठावरून पाणी आत शिरून ‘गुडुप्’! तळाला जाईल. बुडायला कुरकुर करत असेल तर आत एक-दोन नाणी ठेवा. पाण्यावर सोडल्यापासून बुडेपर्यंत किती वेळ लागला, तो घड्याळात बघा. पुन्हा करा. पुन्हा जवळपास तेवढाच वेळ येईल. हेच तर घड्याळाचं काम!

यालाच घटिकापात्र म्हणतात. शेकडो वर्षं आपल्याकडे वेळ अशीच मोजत होते, फक्त पात्र बहुधा तांब्याचं असे. लग्नाच्या मांडवात भटजी पाण्याने भरलेल्या घंगाळात ते सोडत आणि ते बुडालं की एक घटिका झाली असं धरत. घटिका म्हणजे २४ मिनिटं. दिवस-रात्र मिळून ६० घटिका, आणि एका घटिकेत ६० पळं. म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ लिहिला, त्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या लग्नासाठी घटिकापात्र पाण्यात सोडलं होतं. ती कुतूहलाने वाकून बघायला गेली आणि तिच्या दागिन्यातला एक मोती पात्रात पडून नेमका भोकावर बसला. पाणी आत येईना, पात्र बुडेना, आणि मुहूर्त निघून गेला. ही दंतकथाच आहे, पण सांगणाऱ्याला घटिकापात्र कसं चालतं हे पक्कं ठाऊक होतं एवढं नक्की. तुम्हीही तुमच्या भोकावर ज्वारीचा एक दाणा ठेवून बघा.

प्रयोग इथून पुढे खरे सुरू होतात. सुईच्या जागी दाभण वापरलं तर? भोकाचा व्यास दुप्पट झाला तर वेळ निम्मा होईल असं वाटतं ना? निम्म्याहून बराच कमी होतो, साधारण चौथाई. कारण पाणी भोकाच्या पूर्ण तोंडातून येतं, आणि व्यास दुप्पट केला की त्या तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं. आता उलट आव्हान घ्या: मेण घालून, भोक बारीक करत, नेमकी २४ मिनिटांची करवंटी बनवून दाखवा. दमाचं काम आहे. भोक फार बारीक झालं तर त्यात कचरा अडकतो, म्हणून पाणी गाळून घ्या.

‘एवढा खटाटोप कशाला? बाटलीला भोक पाडून पाणी बाहेर सांडू दिलं तरी वेळ मोजता येईल की,’ असं कोणी हुशार म्हणेल. करून बघा. बाटली भरलेली असताना धार लांब उडते. पाणी उतरत गेलं की धार मंदावत जाते आणि शेवटी नुसती ठिबकते. सुरुवातीचं मिनिट आणि शेवटचं मिनिट यांत सारखं पाणी पडतच नाही. करवंटीत मात्र जसजसं पाणी आत येतं तसतशी ती स्वतःच खाली बसते. त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक फारसा बदलत नाही आणि पाणी बऱ्याचशा एका चालीने येत राहतं. ज्याने हे पहिल्यांदा शोधलं त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. फार वाईट वाटतं मला त्याचं.

वाडीतून घरात येऊ. माळ्यावरच्या ट्रंकेत गोधडी असेलच. आजीच्या दोन जुन्या साड्या, आजोबांचं धोतर, कोणाचा तरी परकर, सगळं एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेलं. आता मला सांगा, गोधडी गरम असते का? ‘असतेच! थंडीत गरम वाटते ना!’ बरं. मग दोन सारख्या वाट्यांमध्ये सारखेच बर्फाचे तुकडे घ्या. एक वाटी ओट्यावर उघडी ठेवा. दुसरी गोधडीत नीट गुंडाळा, चार-पाच घड्या येऊ द्या. (आजीला विचारून! खाली प्लॅस्टिकची पिशवी घाला, नाहीतर गोधडी भिजेल आणि पुढचा प्रयोग तुमच्यावर होईल.) कुठला बर्फ आधी वितळेल?

गोधडीतला बर्फ मागे राहतो. उघडा बर्फ पाणी पाणी होतो तेव्हाही गोधडीत बर्फाचे खडे सापडतात. म्हणजे गोधडीजवळ स्वतःची ऊब नाहीच. साड्यांच्या थरांमध्ये हवा अडकून पडलेली असते आणि अडकलेली हवा उष्णतेला पलीकडे जाऊ द्यायला फार खळखळ करते. आत तुम्ही असाल तर तुमची ऊब बाहेर जात नाही, आत बर्फ असेल तर बाहेरची ऊब आत येत नाही. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर मासळीसाठी बर्फ येतो. अशा बर्फाच्या लाद्यांवर गोणपाट किंवा लाकडाचा भुसा घालायची पद्धत जुनी आहे. बर्फाला पांघरूण कशाला, असं आता तुम्ही विचारणार नाही. धावदोऱ्याच्या जवळजवळ घातलेल्या ओळी नुसत्या शोभेच्या नसतात, हेही लक्षात घ्या. त्या नसत्या तर आतली कापडं घसरून एका कोपऱ्यात गोळा झाली असती, आणि मधे हवेचा थरच उरला नसता.

बंदरावर आणखी एक गोष्ट दिसते. फाटकी जाळी. मासे पकडायच्या कामातून निवृत्त झालेलं जाळं परसातल्या दोडक्याच्या वेलाला चढायला मिळतं, किंवा सुकत घातलेल्या मासळीवर कावळे-मांजरांपासून राखण म्हणून पसरतं. नायलॉनचं जाळं कुजत नाही. परसात हा गुण, आणि समुद्रात सोडून दिलं तर तोच मोठा अवगुण, कारण त्यात कासवं आणि मासे वर्षानुवर्षं अडकत राहतात. म्हणून ते परसातच बरं.

या सगळ्या उद्योगात ज्यांना मी गुरू मानते त्यांची ओळख करून दिल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. त्यांचं नाव अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झाले, पुण्याला टेल्कोच्या कारखान्यात ट्रक बनवायच्या कामाला लागले. १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याच्या कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. काड्यापेटीची काडी त्या नळीत घट्ट बसते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि काड्यांचा मेकॅनो, म्हणजे तुकडे जोडून आकार बनवायचा खेळ, जन्माला आला! पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात ते २००३ ते २०१४ अशी वर्षं कचऱ्यातून खेळणी बनवत आणि शिकवत राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ट्रक बनवण्यासाठी नव्हे हां, खेळण्यांसाठी.

तुम्ही काड्यांचा गूल आधी मोठ्यांकडून खरवडून घ्या. नळीचे सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे करा. एका तुकड्याच्या दोन टोकांत दोन काड्या घातल्या की वाकणारा सांधा तयार. तीन सांधे, तीन काड्या, की त्रिकोण. चार सांधे, चार काड्या, की चौकोन. आता दोघांना बोटाने ढकला. चौकोन लगेच तिरका होतो, पार चपटा होईपर्यंत लोळतो. त्रिकोण हट्टी. काड्या मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, कारण तीन बाजू ठरल्या की कोन आपोआप ठरतात. कौलारू घरात झोपलात तर वर बघा. छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैचीत किती त्रिकोण आहेत ते मोजा. सुताराने ते उगाच घातलेले नाहीत.

दोनापेक्षा जास्त काड्या एका ठिकाणी आणायच्या असतील तर नळीच्या तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडा आणि दुसरा तुकडा त्यातून ओवा. ही युक्तीही अरविंद गुप्तांचीच. असे सांधे जमले की बारा काड्यांचा एक घन करा, म्हणजे फाशासारखा चौकोनी ठोकळा. तो तुमच्या हातात नुसता डुगडुगेल, कधी इकडे कलेल, कधी तिकडे झोपेल. त्याच्या चौकोनांवर तिरक्या काड्या घालत जा. या काड्या बाकीच्यांपेक्षा लांब लागतील, तेव्हा खराट्यातला हीर मापाने कापून वापरा. एक घाला आणि हलवून बघा. दुसरी घाला, पुन्हा हलवा. कमीत कमी किती घातल्या की घन पूर्ण थांबतो? पाच पुरतील की सहाही लागतील? आणि सगळ्या एकाच दिशेने तिरक्या हव्यात, की कशाही चालतील? हातात घेऊन बघा. खराट्यातले दोन-चार हीर कमी झाले तर आई सहसा काही म्हणत नाही. सबंध खराटा मात्र सोडवू नका.